सूफी मत आणि ताओ मत : साम्य कोठवर, संबंध कोठें?

जपानी पंडित तोशिहिको इझुत्सु (१९१४–१९९३) यांचा सूफी व ताओ तत्त्वज्ञानांची तुलना करणारा ग्रंथ १९६६-६७ मध्यें तोकियो येथें दोन भागांत निघाला, व १९८३ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति प्रसिद्ध झाली. कुराणाचें मूळ अरबीवरून जपानी भाषांतर करणारा आणि प्राचीन चिनी ग्रंथहि मुळांतून वाचणारा असा लेखक या विषयास लाभला, हें अभ्यासकांचें भाग्यच म्हटलें पाहिजे. पुढील विवेचन दोषैकदृष्टीनें केलेलें नाहीं. जुन्या पोथ्यांची पारख करणारानें या ग्रंथाचा आधार कोठवर घ्यावा, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यांत इब्न अरबीच्या (इ. स. ११६५–१२४०) ‘फुसूस अल्-हिकम’ या ग्रंथांतील विचारांची मांडणी आहे, दुसऱ्यांत लाओ-त्सू व च्वांग-त्सू यांची, तिसऱ्यांत दोहोंची तुलना. इब्न अरबीचें ‘हक्क’ आणि चिन्यांचें ‘ताओ’ हीं दोन्ही नामरूपापलीकडचीं असून त्यांच्यापासूनच पायरीपायरीनें नामरूपात्मक जगत् प्रकट होतें. एकाचा ‘इन्सान कामिल’ व दुसऱ्याचा ‘शेंग-रेन’ म्हणजे सिद्ध पुरुष, हे दोघेहि अहंभाव गळल्यावरच पूर्णत्वास पोंचतात. सूफींच्या ‘फना’शीं च्वांग-त्सूचें ‘बसल्या ठायीं विसरणें’ जुळतें. हीं साम्यें केवळ शब्दांचीं नव्हेत, संबंध रचनेचीं आहेत, हें ग्रंथकारांनीं चांगलें सिद्ध केलें आहे.

तथापि दोन गोष्टी विचारणीय आहेत. पहिली पदाच्या निवडीची. दोहोंस सामाईक असें पद म्हणून ग्रंथकारांनीं ‘अस्तित्व’ हें पद घेतलें. परंतु हें ‘वुजूद’ या अरबी पदाचें प्रतिरूप आहे. लाओ-त्सूच्या ग्रंथांत ‘असणें’ हें ‘नसणें’ यापासून उत्पन्न होतें असें प्रतिपादन आहे. हें ‘नसणें’ म्हणजे निव्वळ अभाव नव्हे, हा ग्रंथकारांचा खुलासा योग्यच आहे. तरी ज्यानें आपल्या मूलतत्त्वाला ‘नसणें’ या बाजूनें ओळखलें, त्याचें तत्त्व ‘अस्तित्व’ या तराजूंत घातलें कीं पारडें थोडें अरबी बाजूस झुकतेंच.

दुसरी गोष्ट साधनांची. ‘फुसूस’ची सद्रुद्दीन कूनवी या शिष्यानें हिजरी ६३० मध्यें (इ. स. १२३२-३३) लिहिलेली व खुद्द ग्रंथकर्त्यानें प्रमाण केलेली प्रत इस्तंबूल येथील तुर्की व इस्लामी कलांच्या संग्रहालयांत आहे. असें भाग्य फार थोड्या ग्रंथांच्या वाट्यास येतें. लाओ-त्सूच्या ग्रंथाची स्थिति याच्या अगदीं उलट. १९७३ मध्यें मावांगत्वी येथील थडग्यांत सांपडलेल्या रेशमी पोथ्यांत त्याचा उत्तरार्ध आधीं व पूर्वार्ध मागाहून येतो. १९९३ मध्यें क्वोत्येन येथें निघालेल्या, इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमाराच्या बांबूच्या पट्ट्यांवर तर त्याचा कांहीं अंशच, तोहि निराळ्या क्रमानें आहे. च्वांग-त्सूचा प्रचलित ग्रंथ ३३ प्रकरणांचा, तो क्वो श्यांग (मृत्यु इ. स. ३१२) याच्या संस्करणानें ठरला, आणि जुन्या नोंदींत ५२ प्रकरणांचा उल्लेख आहे. म्हणजे एका बाजूस एका पुरुषाचा प्रमाणित ग्रंथ, तर दुसऱ्या बाजूस अनेक हातांनीं वाढलेला संग्रह. ग्रंथकारांनीं लाओ-त्सूच्या ऐतिहासिकत्वाच्या वादाची दखल घेतली आहे. परंतु विवेचन करतांना दोन्ही ताओवादी ग्रंथांतून एकच सुसंगत दर्शन उभें केलें आहे. तिकडे ‘फुसूस’हि बऱ्याच ठिकाणीं काशानी या चौदाव्या शतकांतील टीकाकाराच्या डोळ्यांनीं वाचला आहे. दोन्ही बाजूंस असें सुसूत्रीकरण झाल्यावर साम्य अधिक ठळक दिसावें, यांत नवल नाहीं.

ग्रंथकार या दोन मतांत ऐतिहासिक संबंध असल्याचें मुळींच म्हणत नाहींत. त्यांना इतिहासाच्या पलीकडचा संवाद घडवून आणावयाचा होता. म्हणून या ग्रंथाच्या आधारें ‘सूफींनीं चीनपासून घेतलें’ किंवा उलट असें कोणीं म्हटल्यास दोष तसें म्हणणाराचा होय.

मग खरा संबंध आला कोठें? तो चीनमधील मुसलमान पंडितांच्या लेखनांत आला. १६४२ मध्यें वांग ताय-यू यानें आपला धर्मग्रंथ चिनी भाषेंत प्रसिद्ध केला. पुढें नानकिंगच्या ल्यू चिह यानें १७०४ मध्यें ‘त्येन-फांग शिंग-ली’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हेरातच्या जामीच्या (मृत्यु १४९२) ‘लवाइह’ या फारसी पुस्तकाचें चिनी रूपांतर केलें. साचिको मुराता यांनीं २००० मध्यें हें रूपांतर इंग्रजींत आणून जामीच्या मूळ पुस्तकाच्या भाषांतरासमोर छापलें आहे. इब्न अरबीच्या परंपरेंतील एकेका पदासाठीं चिनी शब्द कोणता योजला, हें येथें प्रत्यक्ष ताडून पाहतां येतें.

या साधनांची साक्ष लक्षांत घेण्याजोगी आहे. हे पंडित मुख्यतः कन्फ्यूशियन विद्वानांची परिभाषा वापरतात. तिच्यांतील ‘वू-ची’सारखे शब्द ताओग्रंथांतूनहि आलेले आहेत. परंतु वांग ताय-यू त्या शब्दास परमेश्वर म्हणत नाहीं. तो ‘सत्य एक’, ‘संख्यारूप एक’ आणि ‘देहधारी एक’ अशा तीन पायऱ्या मानतो व ‘वू-ची’स दुसऱ्या पायरीवर बसवितो. ताओवाद्यांच्या शून्यवादाचें तर तो खंडनच करतो. इझुत्सूंना जेथें ऐक्य दिसलें, तेथें दोन्ही भाषांत वावरणाऱ्या या मनुष्यास पायरीचा भेद दिसला.

यावरून इझुत्सूंचें साम्य खोटें ठरत नाहीं. त्याची जागा मात्र ठरते. विचारांचें साम्य हा प्रश्न आहे, पुरावा नव्हे. त्याचें उत्तर भाषांतरकारांच्या पोथ्यांत, त्यांनीं घेतलेल्या आणि टाकलेल्या शब्दांत शोधावें लागेल. इझुत्सूंचा ग्रंथ प्रथम वाचावा, आणि मग ल्यू चिहचें रूपांतर जामीच्या मुळाशेजारीं ठेवून शब्दशः ताडावें, अशी आमची अभ्यासकांस सूचना आहे.