कॅरोल किंग : कबुली शब्दांची की पियानोची?

अमेरिकन गायिका-गीतकार कॅरोल किंग यांचा 'टॅपेस्ट्री' (१९७१) हा गीतसंग्रह आत्मकथनपर म्हणून वाखाणला जातो. ही मान्यता तपासून पाहणे अगत्याचे आहे. त्यातील 'विल यू लव्ह मी टुमॉरो'चे शब्द किंग यांचे पहिले पती जेरी गॉफिन यांचे, तर 'इट्स टू लेट'चे टोनी स्टर्न यांचे. किंग यांची आहे ती चाल. मग आत्मकथन नेमके कोणाचे?

१९६० साली शिरेल्स या कृष्णवर्णीय तरुणींच्या चमूने यांतील पहिले गीत तंतुवाद्यांच्या साथीने, चालत्या लयीत गायिले. १९६१ च्या प्रारंभी ते अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. दशकभराने, घटस्फोटानंतर, किंग यांनी तेच गीत पियानोवर अतिशय संथ लयीत मांडले आणि मुलीचा प्रश्न प्रौढ स्त्रीचा झाला. त्यांचा गळा तसा बेताचाच. परंतु येथे तोच विश्वासार्ह ठरतो. आत्मकथन असलेच तर ते लयीत आहे. शब्दांत ते शोधणारी समीक्षा वाट चुकते.

शब्द आणि चाल दोन्ही किंग यांचे असलेले 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' मात्र त्याच वर्षी अग्रस्थानी गेले ते जेम्स टेलर यांच्या आवाजात.