चौकट प्रेषकाची, गाठ तिची : मार्तिनिकच्या पोस्टकार्डांविषयी

मालेक अलुला यांच्या 'ल आरेम कोलोनियाल' (१९८१) या ग्रंथापासून वसाहतकालीन पोस्टकार्डांच्या वाचनाची एक रीत रूढ झाली आहे. अल्जीरियातील छायाचित्रकाराला खरा जनानखाना अप्राप्य. म्हणून त्याने पैसे देऊन स्त्रिया स्टुडिओत बसविल्या, त्यांच्यावर वस्त्रालंकार चढविले आणि आपल्याच वासनेचे चित्र 'अल्जीरियन स्त्री' म्हणून विकले, हे अलुला यांनी दाखविले. ही रीत कॅरिबियन बेटांतील पोस्टकार्डांना जशीच्या तशी लावता येईल काय?

मार्तिनिकची विसाव्या शतकारंभीची कार्डे पाहावीत. खाली छापलेले असते 'क्रेओल नमुना', 'क्रेओल पोशाख'; स्त्रीचे नाव नसते. 'क्रेओल' ही संज्ञा बेटावर जन्मलेल्या गोऱ्यांनाही लागू होती, पण 'नमुना' ठरते ती प्रायः कृष्णवर्णीय वा मिश्रवर्णीय स्त्रीच. फ्रेंच टपालाच्या नियमानुसार १९०३ च्या अखेरीपर्यंत कार्डाची मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखीव होती. मजकूर चित्राच्या बाजूसच लिहावा लागे. कुशलवृत्ताच्या ओळी तिच्या झग्याच्या घोळावरून गेल्या की 'नमुना' शब्दावर भाष्य करावे लागत नाही.

येथवर अलुला पुरतात. अडते ते डोईवरच्या रुमालापाशी. (रुमाल हे शिरोवस्त्रही असते, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) चौकड्यांचे हे कापड तेथे 'मद्रास' याच नावाने ओळखले जाते. मूळचे ते कोरोमंडल किनाऱ्याचे, आणि १८५३ पासून मार्तिनिकला नेलेल्या हिंदी करारबद्ध मजुरांच्या कितीतरी आधी तेथे पोहोचलेले. अशीच क्रेओल परंपरा असलेल्या, तेव्हा स्पॅनिश अमलाखालील लुइझियानात गव्हर्नर मिरो याने १७८६ मध्ये मुक्त वर्णीय स्त्रियांवर केस रुमालाने बांधण्याची सक्ती केली. त्यांनी त्या सक्तीचेच भूषण केले. मार्तिनिकमध्ये हे रुमाल हाताने पिवळे रंगविण्याचा स्वतंत्र धंदा होता, याची नोंद लाफ्काडिओ हर्न याच्या १८९० च्या प्रवासग्रंथात आहे. हा पोशाख, निदान त्याची घडण, छायाचित्रकाराच्या कल्पनेतून निघालेली नव्हे. कॅमेरा येण्यापूर्वीच तिला स्वतःचा इतिहास होता.

तेव्हा या कार्डांत दोन संहिता एकत्र नांदतात. केवळ मथळ्याची संहिता वाचणारा समीक्षक वसाहतीच्या नजरेचा निषेध करता करता त्या स्त्रीला पुन्हा मुकी करतो. मात्र रुमालाची टोके मोजून तिचे मन मोकळे की गुंतलेले हे सांगणारा, पर्यटकांना ऐकविला जाणारा कोशही मला तितकाच संशयास्पद वाटतो. तोही एक मथळाच. गाठ वाचायची तर १८४८ च्या दास्यमुक्तीनंतर कोणत्या पिढीने, कोणत्या सणाला, कोणत्या बाजारातून आणलेल्या कापडाची ती बांधली, हे शोधावे लागेल. त्यासाठी पोस्टकार्डांचा संग्रह पुरणारा नाही.