जीर्णोद्धार की नूतनीकरण? : पाइनहर्स्टच्या मैदानाची संहिता

जुन्या गोल्फ-मैदानांच्या दुरुस्तीविषयी लिहिताना अमेरिकेत दोन संज्ञा काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात. नूतनीकरणाने आजच्या खेळाची गरज पाहावी, पुनःस्थापनेने मूळ रचनाकाराचा हेतू. मराठीतील 'जीर्णोद्धार' हा शब्द ही दोन्ही कामे एकाच पदरात घेतो. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे जुने राखले की नवे बांधले, हे शब्दावरून कळत नाही. विवेचनाला ही संदिग्धता गैरसोयीची खरी, परंतु वस्तुस्थितीशी तीच अधिक जुळते की काय, अशी शंका पाइनहर्स्टच्या उदाहरणावरून येते.

नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्टचे क्रमांक दोनचे मैदान १९०७ मध्ये खुले झाले आणि त्याचा कर्ता डोनाल्ड रॉस १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यात फेरफार करीत राहिला. वाळूच्या ग्रीनवर गवत आले तेच मुळी १९३५ च्या सुमारास. पुढे फेअरवेच्या दुतर्फा दाट हिरवळ माजली व तेथील उघडी वाळू आणि झुबक्यांनी उगवणारे रानगवत झाकले गेले. बिल कूर व बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये सुमारे पस्तीस एकरांवरील हिरवळ काढली आणि फवाऱ्यांची तोंडे साडेअकराशेंवरून साडेचारशेंवर आणली. फेअरवेच्या कडा त्यांनी १९४३ ची हवाई छायाचित्रे व जमिनीतील जुनी जलवाहिनी यांवरून ठरविल्या. प्रक्षिप्त भाग वगळून विश्वसनीय प्रत शोधण्याची ही रीत पाठचिकित्सकास परिचित वाटेल.

परंतु ज्याने चाळीस वर्षे स्वतःचीच संहिता बदलली, त्याचा मूळ पाठ कोणता? येथे तो छायाचित्रांच्या उपलब्धतेने ठरला. त्यात वावगे काही नाही. मात्र ते उघडपणे सांगितले पाहिजे. कासवाच्या पाठीसारखे ग्रीन ही या मैदानाची सर्वांत मोठी ख्याती. तो फुगवटा वर्षानुवर्षे वर पसरलेल्या मातीने वाढला, असे अनेक जाणकार मानतात. तरी त्यांना जवळजवळ हात लावला गेला नाही. शिवाय मैदानाची लांबी साडेसात हजार यार्डांपलीकडे नेली गेली. म्हणजे कडा रॉसच्या, ग्रीन काळाचे आणि लांबी आजची! काम उत्कृष्ट आहे. 'पुनःस्थापना' हे नाव त्याला ओढूनताणून दिलेले आहे.

मिशिगनमधील ओकलंड हिल्सचे प्रकरण याहून अवघड. रॉसच्या या मैदानात रॉबर्ट ट्रेंट जोन्सने १९५१ च्या यू. एस. ओपनसाठी बंकरांची नवी मांडणी करून फेअरवे अरुंद केले. २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या कामात गिल हान्सने हा थर उतरविला व फेअरवे रुंद केले. रॉस परत आला, हे मान्य. परंतु त्या १९५१ च्या स्पर्धेत बेन होगनने अखेरच्या फेरीत ६७ फटक्यांत जे मैदान जिंकले, ते जोन्सचे होते, आणि ते आता जमिनीवर वाचता येत नाही.