हळदीच्या ओळीतला नकार

जाहिरातपटाची संहिता कागदावर दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. नवख्या लेखकाचे दोन्ही रकाने हमखास एकच गोष्ट सांगतात: बाई हसते, आणि निवेदकही म्हणतो की ती हसतेय. 'विको टर्मरिक'ची हळदीसमारंभाची जुनी जाहिरात मला अजून गोडी लावते, ती तिथे याच्या उलट घडतं म्हणून. डाव्या रकान्यात हळद लागतेय, नवरी लाजतेय, भोवती बायकांची लगबग. उजवीकडच्या सर्वतोमुखी झालेल्या ओळीत मात्र लग्नाचं नावही नाही. तिथे सरळ एक खंडन चाललंय: हे टर्मरिक आहे, कॉस्मेटिक नव्हे.

माल विकायला निघालेल्या माणसाने 'नाही'ने तोंड उघडावं, हे धाडसच. पण कान तिथेच टवकारतात. आपला माल काय आहे हे सगळेच सांगतात. काय नाही हे सांगणारा भेटला, की 'का बुवा?' असं मनात येतंच, आणि तेवढ्या वेळात ओळ पुढे सरकलेली असते. यमकाची करामत पाहा. टर्मरिक, कॉस्मेटिक, अँटिसेप्टिक या इंग्रजी शेपट्यांच्या रांगेत 'आयुर्वेदिक' असा बेमालूम येऊन बसतो की हा संस्कृत घराण्यातला पाहुणा आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. घरात ज्याला सगळे हळद म्हणतात त्याला ट्यूबवर टर्मरिक म्हणायचं, आणि मग पडद्यावर खरी हळद दाखवून ते टर्मरिक पुन्हा घरात आणायचं. शब्द दुकानातले, चित्र माजघरातलं. दोन्ही रकान्यांनी कामं कशी वाटून घेतली आहेत ते इथे कळतं.

त्या नकाराला दुसरा, कोरडा अर्थही होता. केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 साली परळला विको सुरू केली. टर्मरिक क्रीम बाजारात आलं 1975 साली, त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या पुढाकाराने. 1978 साली केंद्रीय अबकारी खात्याने आक्षेप घेतला की ही उत्पादनं आयुर्वेदिक औषधं नसून सौंदर्यप्रसाधनं आहेत, म्हणजे त्यांच्यावर कर प्रसाधनांच्या दराने बसायला हवा. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे काळ्या कोटातली माणसं जो मुद्दा कलमं आणि दाखले देऊन मांडत होती, तोच मुद्दा देशभरातली शाळकरी पोरं अंघोळ करताना गात होती. कंपनीची कायदेशीर भूमिका इतक्या चालीत बसवलेली दुसरी जाहिरात माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणखी एक अडचण होती, रंगाची. क्रीम म्हणजे पांढरंशुभ्र, ही गिऱ्हाइकाची समजूत, आणि हे क्रीम पिवळं. तोंडाला डाग पडेल की काय, ही शंका येणारच. तिला शब्दांनी उत्तर देत बसलं असतं तर तीस सेकंद त्यातच गेली असती. हळदीच्या प्रसंगात पिवळं होणं हेच भाग्याचं. एका दृश्यात शंकेचा शकुन झाला.

हे दृश्य किती दूरवर चालतं, ते मला बजबजला कळलं. सध्या माझा मुक्काम इथे आहे. सियालदहहून निघालेली लोकल जिथे संपते ते हे हुगळीकाठचं गाव, तेलाच्या टाक्यांचं आणि तागाच्या गिरण्यांचं. आपल्याकडे नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. इथल्या 'गाये होलुद'मध्येही नवऱ्याच्या अंगाला लागलेली हळद नवरीच्या घरी पाठवतात, वर सोबत सजवलेला रुई मासा. मासा सोडला तर परळ आणि बजबज यांत फरक काय? भाषा बदलून जाहिरात कुठेही न्यावी, डाव्या रकान्याला हात लावायची गरज नाही.

औषधाच्या दुकानात मात्र विकोच्या शेजारी बोरोलिनची हिरवी ट्यूब असते, आणि बंगाल्याचा हात तिच्याकडे आधी जातो. गौरमोहन दत्तांनी 1929 साली काढलेलं हे क्रीम. ऋतुपर्ण घोष सिनेमाकडे वळण्याआधी कोलकात्याच्या एका एजन्सीत कॉपीरायटर होते. बोरोलिनसाठी 'बंगजीबनेर अंग' हे घोषवाक्य त्यांचं. बंग आणि अंग: एक यमक आणि त्यात अख्खा प्रांत. इथे नकार कुठेच नाही, नुसता हक्क आहे. ओळ म्हणून मला ती विकोच्या ओळीपेक्षा सरस वाटते. पण ती बंगालच्या वेशीवर थांबते. विकोच्या ओळीला कुठलाच प्रांत नाही, म्हणून ती दूरदर्शनवरून, सिनेमाच्या पडद्यावरून आणि परदेशात भाड्याने मिळणाऱ्या हिंदी कॅसेटींवरूनही फिरली. 1984 साली 'ये जो है जिंदगी' या मालिकेचं प्रायोजकत्व विकोने घेतलं, तेव्हा तर मालिका आणि जाहिरात ही जोडीच घराघरांत ठरून गेली.

आताच्या लेखकाला पाच सेकंद मिळतात. सहाव्याला प्रेक्षकाचं बोट 'स्किप'वर. म्हणून हल्ली पहिल्याच क्षणी कुणीतरी किंचाळतं, काहीतरी फुटतं. विकोच्या जाहिरातीच्या काळात प्रेक्षक जागचा हलू शकत नव्हता, तरीही त्या ओळीत मालाचं नाव आणि नकार दोन्ही पहिल्या दमातच उरकलेत. आजच्या घड्याळातही ती बसेल.

माझी तक्रार एकच, डाव्या रकान्याबद्दल. सगळी मदार नवरीवर, आणि तिचं काम काय, तर लाजून उजळ दिसणं. अँटिसेप्टिक असल्याचा दावा करणारं औषध शेवटी गोऱ्यागोमट्या वधूच्या चेहऱ्यावरच सिद्ध करायचं, यात उजव्या रकान्यातला 'कॉस्मेटिक नव्हे' हा बाणा थोडा पातळ होतो. विधीच नीट पाहिला असता तर वाट सापडली असती. हळद आधी नवऱ्याला लागते. दाढी करताना कापलेल्या गालावर ती झोंबतेय, मावशी हसतेय, आणि तीच वाटी मग नवरीकडे निघालीय, असं दृश्य घेतलं असतं तर ओळीतलं एक अक्षर न बदलता क्रीम खरोखर औषध झालं असतं, आणि गिऱ्हाईकही दुप्पट.