पडद्यावरील चिमणराव
महायुद्धाच्या आरंभकाळात, १९४० साली, विनायकांनी ‘लग्न पहावं करून’मध्ये चिं. वि. जोशी यांचा चिमणराव पडद्यावर आणला. बहिणीसाठी वरसंशोधन एवढेच कथानक; भव्य देखाव्यावाचून ते रंगते, याचे श्रेय दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग या जोडीला. उणीव आहे ती निवेदनाची. पुस्तकात चिमणराव आपली फजिती स्वतःच, प्रथमपुरुषी आणि संभावितपणे सांगतो. वाचकाला जे उमगते ते त्याला उमगत नाही. पिंपळगाव बसवंतच्या वर्गात मूळ कथा वाचताना हशा पिकतो तो प्रसंगाइतकाच वाक्यरचनेला. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. उरते ती धांदल, आणि गाण्यांपाशी तीही थबकते. क्वचित मालवणकरांचा भाबडा, गंभीर चेहराच निवेदकाचे काम करतो. तेवढ्यापुरता चित्रपट मूळ लेखनाशी इमान राखतो.