मानेमागचा आवाज

'हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस' मी दोनदा खेळलो. पहिल्यांदा रात्री, टीव्हीचा आवाज तीनवर ठेवून, कारण शेजारी रूममेट झोपलेला. तेव्हा माझं मत झालं की चित्रं झकास, मारामारी बेताची, आणि बंद दारं उघडायला रून-अक्षरं शोधत फिरणं निव्वळ कंटाळवाणं. दुसऱ्यांदा हेडफोन लावून खेळलो आणि मत मागे घ्यावं लागलं. (रून-अक्षरांबद्दलचं सोडून. तो कंटाळा कायम आहे.)

निंजा थिअरी या ब्रिटिश स्टुडिओचा हा गेम २०१७चा. सेनुआ ही पिक्ट जमातीतली योद्धा. मेलेल्या प्रियकराचा आत्मा सोडवायला ती नॉर्स लोकांच्या हेलहाइममध्ये निघाली आहे आणि तिला सतत आवाज ऐकू येतात. सायकोसिसमधलं जग उभं करताना स्टुडिओने केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांची आणि असे आवाज खरोखर ऐकणाऱ्या माणसांची मदत घेतली. हे आवाज रेकॉर्ड केले ते बायनॉरल पद्धतीने, म्हणजे माणसाच्या डोक्यासारखा माइक, कानांच्या जागी दोन कान, आणि त्याच्याभोवती फिरत कुजबुजणाऱ्या अभिनेत्री. हेडफोन लावला की एक बाई डाव्या कानाशी हसते, दुसरी मानेमागून सेनुआला नावं ठेवते.

अंगावर काटा येतोच. पण नुसता काटा आणणं फार अवघड नसतं, कुठलाही भुताचा सिनेमा ते करतो. खरी गंमत लढाईत आहे. इथे पडद्यावर काहीच नाही. हेल्थ बार नाही, नकाशा नाही. शत्रू पाठीमागे गेला की तो कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि मागे बघ म्हणून सांगतात ते हेच आवाज. तासाभरात मी त्यांच्यावर विसंबायला लागलो. जे तिला छळतात तेच मला जिवंत ठेवत होते. ते गप्प व्हावेत असंही वाटे आणि गप्प झाले की घाबरायलाही होई. ही कोंडी कुठला कटसीन समजावून देत नाही, ती हातातल्या कंट्रोलरपर्यंत थेट पोचते. आवाज तीनवर ठेवून मी नेमकी तीच गमावली होती आणि वर 'मारामारी बेताची' असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

पुढे एका परीक्षेत पडदा जवळजवळ काळाच होतो आणि कानांच्या भरवशावर चालावं लागतं. इथे ग्राफिक्सची बढाई मारायला जागाच नाही, आणि माझ्या मते हाच या गेमचा सगळ्यात चांगला भाग.

मग लोकलमध्ये बीजीएमआय उघडतो. फोन म्यूटवर. शत्रूची पावलं मिनीमॅपवर खुणा होऊन उमटतात, गोळी कुठून आली तेही दिसतं. जिंकायला तेवढं पुरतं. पण पायऱ्यांवर कुणीतरी हळू चढतंय हे ऐकून पोटात जो गोळा येतो, तो त्या खुणेने येत नाही. हे म्हणताना जपून म्हणायला हवं, कारण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी अशा खुणा म्हणजे खेळात शिरायची वाट आहे. फोर्टनाइटमध्येही तशी सोय आहे. उलट बाजूने 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) मध्ये ध्वनीचे इशारे इतके नेमके आहेत की दृष्टी नसलेले खेळाडू तो पूर्ण करतात. माझी तक्रार खुणांबद्दल नाही. ऐकू येत असून फोन म्यूट ठेवायच्या माझ्याच सवयीबद्दल आहे.

आणि महागडा हेडफोन हवा असंही नाही. १९७८च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये फक्त चार जाडसर सूर होते, पुन्हा पुन्हा वाजणारे. शत्रू कमी होत जात तसे ते वेगाने वाजत, आणि आपण जिंकायच्या जवळ असूनही छाती धडधडायला लागे.

रूममेटला परवा हेडफोन देऊन हेलब्लेड लावून दिला. दहा मिनिटांत त्याने तो काढून ठेवला आणि म्हणाला, "उद्या दिवसा खेळतो."