जलदुर्गांचे नकाशे आणि कर्ता नसलेली वाक्ये

कोकणच्या जलदुर्गांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गॅझेटियर, कोश, जिल्हा-परिचय, सहलीच्या पुस्तिका, सगळीकडे सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि जंजिऱ्याची नोंद हमखास सापडते. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावी राहून मी या नोंदी वाचतो. आमचा यशवंतगड खाडीकाठी आहे, बेटावर नाही. म्हणून त्याच्या वाट्याला चार ओळी येतात. त्याबद्दल माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते या लेखनाच्या दोन सवयींशी: नकाशातून माणूस वगळणे आणि वाक्यातून कर्ता काढून टाकणे.

मूळ साचा कॅम्बेलच्या गॅझेटियरचा. रत्नागिरी व सावंतवाडीवरचा त्याचा दहावा खंड १८८० सालचा. त्यात जातीजमाती लोकसंख्येच्या प्रकरणात आणि किल्ले शेवटी, स्थळांच्या प्रकरणात. परिणाम असा की महार भेटतो तो गावाशिवाय आणि किल्ला भेटतो तो माणसाशिवाय. साहेबाने कारभाराच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी आमच्या पंडितांनी शास्त्र म्हणून स्वीकारली. १९६२ च्या सुधारित गॅझेटियरनेही ती मोडली नाही. शिवाय मालवणचा किल्ला या दोन्ही ग्रंथांत रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. जुन्या-नव्या हद्दींचा साधा नकाशा सोबत असेल तर आजच्या विद्यार्थ्याची धडपड वाचेल.

किल्ल्याचा आराखडा छापतात तेव्हा त्यात बुरूज असतात, दरवाजे असतात, देऊळ आणि विहीर असते. समोरच्या किनाऱ्यावरचा कोळीवाडा नसतो. महारवाडा तर नसतोच. विहीर दाखवायची आणि तिच्यावर कोणाला चढू देत नव्हते ते सांगायचे नाही, हा कसला इतिहास? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतलेल्या समाजाला पाणवठा म्हणजे नकाशावरचा निळा ठिपका वाटत नाही. आणि गावची शीव कोणाला ठाऊक होती? महाराला. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याच्या पायांनी हद्द ठरली, त्याचेच घर हद्दीच्या कागदावर सापडत नाही!

समुद्राबाबतही तोच निष्काळजीपणा. बेट म्हटले की भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ अशा दोन रेघा हव्यात. होडी कुठे लागते, खडक कुठे उघडा पडतो, हे त्याशिवाय कळत नाही, आणि वेढा कसा पडला हेही कळत नाही. खोली फॅदममध्ये देतात. पसरलेल्या दोन हातांएवढी 'वाव' आमच्या मच्छीमारांकडे आहे. ती कंसातसुद्धा येत नाही.

भाषेबद्दल मात्र एक भेद केला पाहिजे. बुरूज, जंग्या, चर्या हे कामाचे शब्द आहेत. ते ठेवावेत, शेजारी एक चित्र द्यावे. 'जंजिरा' म्हणजे अरबीतले जझीरा, बेट. जुन्या कागदांतला 'जंजिरे सुवर्णदुर्ग' वाचून पोराने मुरुडला जाऊ नये, एवढे तरी सांगावे. शालेय भूगोलाने उधाणाची आणि भांगाची भरती हे शब्द घेतलेच ना? त्याने शास्त्र बुडाले नाही. बोजड संस्कृत शब्दांची आरास कोशकाराला विद्वान दाखवते, वाचकाला बाहेर ठेवते.

त्याहून वाईट ते कर्मणी वाक्य. १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला 'बांधण्यात आला', पायात शिसे 'ओतण्यात आले'. कोणी? दगड कोणी फोडला, चुना कोणी भाजला, होड्यांतून चिरे कोणी वाहिले? नावे मिळणार नाहीत, मान्य. पण पाथरवट, कोळी, बिगारी एवढे शब्द लिहायला कोणता पुरावा आड येतो? जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावणाऱ्या लाय पाटलाची कथा सांगतात, तीही शौर्याची म्हणून. बाकीचे कोळी त्या वाक्यात बुडून जातात.

हा केवळ लेखनशैलीचा वाद असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. म्हणजे गाभ्याच्या आणि भोवतालच्या संरक्षित पट्ट्याच्या रेघा आता किनाऱ्यावरच्या वस्त्यांलगत येणार. कोण येथे केव्हापासून राहतो, हे विचारले जाईल तेव्हा अधिकारी हीच पुस्तके उघडतील. खाडीपलीकडे माडबनला अणुप्रकल्पासाठी जमीन हेक्टरांत मोजली गेली; अलीकडच्या मच्छीमारांच्या दर्याला सातबारा नव्हता. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे त्या प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार ठार झाला.

यशवंतगडाच्या नोंदीला मला एक पान पुरे. अर्ध्यावर नकाशा: गड, खाडी, भरती-ओहोटीच्या रेघा, होड्या लागतात ती जागा, आणि प्रत्येक वाडी तिच्या आजच्या नावाने, बौद्धवाडीसह. उरलेल्या अर्ध्यावर सातवीच्या मुलीला एका वाचनात कळेल असा मजकूर. पाणवठ्यांची नावे भरताना वाडीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारावे. पाणी त्यांनी वाहिले आहे.